'नगर परिषद जबाबदार राहणार नाही'

सफाईचे काम ठेक्याने देताना जे करारनामे होतात, त्यांतले बरेच आमच्या हाताखालून गेले आहेत. करारनामा नगर परिषदेचा असो की ग्रामपंचायतीचा, त्यात एक वाक्य हमखास सापडते. 'काम करताना कामगारास इजा झाल्यास अथवा तो मयत झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी ठेकेदाराची राहील, नगर परिषद जबाबदार राहणार नाही.' ग्रामपंचायतीच्या करारात 'नगर परिषद'च्या जागी 'ग्रामपंचायत' एवढाच काय तो बदल. हे वाक्य लिहिणाऱ्या बाबूला वाटते, आपण संस्थेला वाचवले. सही करणाऱ्या मुख्याधिकाऱ्याला वाटते, आपली नोकरी वाचली. ठराव मंजूर करणारे तर ते वाचतही नाहीत. या एका वाक्याची कायद्यात काय किंमत आहे आणि त्यामुळे कुणाचा जीव जातो, हे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या वाचकांपुढे आम्ही मांडणार आहोत.

काही वर्षांपूर्वी या दोन तालुक्यांपैकी एका गावचा तरुण सफाई कामगार आमच्याकडे आला होता. तुंबलेल्या चेंबरमध्ये उतरताना त्याला चक्कर आली. वर उभ्या असलेल्या जोडीदाराने कमरेचा दोर ओढला म्हणून तो वाचला. आठ दिवस दवाखान्यात काढले, त्या दिवसांची हजेरी कापली गेली. ठेकेदाराकडे खर्च मागितला तेव्हा मुकादमाने त्याच्याच सहीचा कागद त्याच्यापुढे धरला. 'मी माझ्या मर्जीने व स्वतःच्या जबाबदारीवर गटारात उतरत आहे.' आम्ही विचारले, "बाबा, अशा कागदावर सही केलीसच कशाला?" तो म्हणाला, "साहेब, सही केली नसती तर हजेरी लागली नसती." या एका उत्तरात आमच्या समाजाचे सगळे अर्थशास्त्र आले. मर्जी कुणाची असते आणि सही कुणाची असते, हे त्या पोराने आम्हा वकिलांना शिकवले.

त्या कागदाची किंमत काय? शून्य. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३ सांगते की ज्या कराराचा हेतू कायद्याने मना केलेला आहे, तो करार अवैध आहे. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा या देशात गुन्हा आहे. गुन्हा करून घेण्याची संमती विकत घेता येत नाही, आणि गुन्ह्याची जबाबदारी ठेक्यानेही देता येत नाही.

हा गुन्हा ठरवणारा कायदा म्हणजे हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या नेमणुकीस प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३. तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी लागू झाला. त्याचे कलम ७ प्रत्येक सरपंचाने आणि मुख्याधिकाऱ्याने पाठ करावे असे आहे. कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा यंत्रणा कोणालाही गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे' कामाला लावणार नाही, असे ते सांगते. अप्रत्यक्षपणे या शब्दात ठेकेदार आला, उपठेकेदार आला, मुकादम आला आणि रोजावर बोलावलेला माणूसही आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षे आणि पाच लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. 'स्थानिक प्राधिकरण' या व्याख्येत नगरपालिकेबरोबर पंचायतही येते. म्हणजे बारामती आणि इंदापूरच्या नगर परिषदा जितक्या बांधलेल्या आहेत, तितक्याच भिगवण, निमगाव केतकी, सणसर, माळेगाव या गावांच्या स्थानिक संस्थाही बांधलेल्या आहेत.

कुणी म्हणेल, आमच्या गावात भुयारी गटारच नाही, मग हा प्रश्न आमचा कसा? याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्याच घटनांनी दिले आहे. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत सेप्टिक टँक साफ करताना चार जण गुदमरून मेले. ज्या पुणे-सोलापूर रस्त्यावर हे घडले, तोच रस्ता पुढे भिगवण आणि इंदापूरला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाघोलीत एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. मार्च २०२३ मध्ये आपल्या बारामती तालुक्यातल्या खांडज येथे जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत चार जणांचा जीव गेला. खांडजची टाकी शेतकरी कुटुंबाची होती आणि मेलेले लोक कुणाच्या हुकमाने उतरले नव्हते. तिथे हा कायदा सरळ लागू होत नाही, हे वकील म्हणून आम्ही स्पष्टच सांगतो. पण ती घटना एक गोष्ट शिकवून गेली. बंदिस्त घाणीत जो वायू साठतो, तो माणसामाणसांत भेद करत नाही. त्या वायूला जात नसते. गटारात कुणाला उतरवायचे हे ठरवणाऱ्याला मात्र असते.

एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार माणसे का मरतात, हेही समजून घेतले पाहिजे. सडक्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड निघतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे उतरणाऱ्याला वाटते, आणि तो पुढे पाऊल टाकतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. दमदार छाती, दारूचा घोट किंवा तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीही इथे उपयोगाचे नाही. म्हणूनच या कायद्याखालच्या २०१३ च्या नियमांत संरक्षक साधनांची यादी आहे, वायू मोजण्याचे यंत्र आहे, प्राणवायू पुरवणारा मुखवटा आहे आणि मालकाने हप्ता भरलेला किमान दहा लाखांचा जीवन विमाही आहे. माणूस उतरवणे अगदीच अटळ असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणे लिहून लेखी परवानगी दिली पाहिजे. आम्ही विचारतो, आपल्या तालुक्यात अशी लेखी परवानगी कुणी कधी पाहिली आहे काय? माणसे तोंडी हुकमावर उतरतात. तोंडी हुकमाला सही नसते, आणि सही नसली की आरोपी नसतो!

आता पैशाचे बोलू, कारण माणसाच्या जिवाने जे हलत नाहीत ते पैशाने हलतात. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेत गटारातल्या प्रत्येक मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली, तीही १९९३ पासूनच्या मृत्यूंना. २० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंह खटल्यात न्या. रवींद्र भट आणि न्या. अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने ती रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आले तर किमान वीस लाख, इतर अपंगत्वाला किमान दहा लाख. काम ठेक्याने दिलेले असेल तर ठेकेदारावर आर्थिक जबाबदारी आणि ठेका रद्द करण्याची तरतूद हवी, असेही न्यायालयाने बजावले. कदमवाकवस्तीसारखी घटना आज एखाद्या गावाच्या सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत घडली, तर चार जिवांचे एक कोटी वीस लाख होतात. अनेक लहान ग्रामपंचायतींची घरपट्टी-पाणीपट्टीची वर्षाची वसुली एवढी नसते.

मग पहिले रडगाणे सुरू होते ते पैसा नसल्याचे. मैला उपसणारी सक्शन गाडी परवडत नाही, जेटिंग मशीन परवडत नाही. या रडगाण्याचा निकाल १९८० मध्येच लागला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने, उघडी गटारे आणि घाण दूर करायला आमच्याकडे पैसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळून लावले. कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून टाळता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. दुसरे रडगाणे असते, आम्हाला माहीतच नव्हते. तेही टिकत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसे मेली. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सुभागवंती खटल्यात दिल्लीच्या महापालिकेला जबाबदार धरले, कारण आपल्या मालकीच्या वास्तूत काय धोका दडला आहे हे शोधणे मालकाचेच काम आहे. जमिनीवरच्या मनोऱ्याला जो न्याय, तोच जमिनीखालच्या चेंबरला.

तिसरे रडगाणे, टाकी खासगी होती. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. १७ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. खासगी मालकावर बोट दाखवून शासनाला सुटता येत नाही. आधी विधवेला पैसे द्यावेत, मग जबाबदाराकडून वसूल करावेत, असा त्याचा अर्थ. अगदी अलीकडे, १३ ऑक्टोबर २०२५ रोजी याच न्यायालयाने रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या मृत्यूला सहा लाख, तर जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवली. ती दोषी अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करण्याचाही मार्ग दाखवला. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे, हे नगर परिषदांनी ओळखावे.

शहरी व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. त्याचा क्रम साधा आहे. आधी धोका कुठे आहे ते शोधा, मग तो मुळात नाहीसा करा, नाहीसा होत नसेल तर कमी करा, आणि जो उरेल त्याच्यासाठी विमा व निधी ठेवा. अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांत विमा महागला तेव्हा लहान लहान गावांनी एकत्र येऊन सामाईक जोखीम निधी उभारले, आणि निधीतून पैसे जाऊ नयेत म्हणून एकमेकांच्या कामावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र या क्रमातल्या पहिल्या तीन पायऱ्या गाळून एकदम चौथीवर उडी मारली जाते. तीही विम्याची नव्हे, 'जबाबदार राहणार नाही' या वाक्याची! धोका जागच्या जागी राहतो, फक्त तो कागदावरून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून आमच्या वस्तीतल्या पोराकडे सरकतो. वर्णव्यवस्थेनेही हेच केले होते. घाण सगळ्यांची, पण तिचा धोका आणि तिचा विटाळ एकाच्याच माथी. तेव्हा हे धर्माच्या नावाने चालले, आता निविदेच्या नावाने चालते.

ठेकेदारीबद्दलही एक मुद्दा आम्हाला मांडायचा आहे, कारण तो अजून आपल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे, काही अपवाद ठेवून. पण मुख्य काम कोणते हे सांगताना झाडू, सफाई, कचरा ही कामे त्यातून वगळली आहेत. हे वाचून ठेकेदार खूश झाले असतील. त्यांनी वाक्य पुढे वाचलेले दिसत नाही. ती आस्थापना अशा कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच हे वगळणे लागू होते. नगर परिषद कशासाठी स्थापन झाली आहे? महाराष्ट्र नगर परिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये रस्ते आणि गटारांची सफाई हे तिचे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिले आहे. सफाई हे नगर परिषदेचे मुख्य काम नसेल, तर मुख्य काम आहे तरी कोणते? स्वागत कमानी आणि कारंजी? हा युक्तिवाद न्यायालयात लढवावा लागेल आणि अपवादांवरही वाद होतील. पण तो लढवण्यासारखा आहे, आणि आंबेडकरी वकिलांनी तो हातात घ्यावा असे आमचे आवाहन आहे.

आता आपण काय करायचे? केवळ निषेधाचे पत्रक काढून भागत नाही. मृत्यू झालाच, तर पहिले काम फिर्यादीचे. पोलीस बहुधा भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, म्हणजे हयगयीने मृत्यू, एवढेच लावतात आणि तेही मुकादमावर. तेवढ्यावर समाधान मानू नका. २०१३ च्या अधिनियमाची कलमे ७ आणि ९ लावायला सांगा. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची असेल आणि काम हाताने मैला साफ करण्याच्या व्याख्येत बसत असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(ञ), इंग्रजीतले 'जे', हेही लागते. ठेका देणाऱ्याचे नाव फिर्यादीत आले पाहिजे.

दुसरे काम मुदतीचे. नगर परिषदेवर नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर १९६५ च्या अधिनियमाचे कलम ३०४ आडवे येते. एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आमच्या माणसांचे सहा महिने दहावे, तेरावे आणि 'साहेब बघतो म्हणाले' यातच निघून जातात. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या भरपाईसाठी मात्र दिवाणी दाव्याची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, विधी सेवा प्राधिकरणाची मदत घ्या, आणि दाद लागली नाही तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे.

पण खरे काम मृत्यूच्या आधीचे आहे. या अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला दक्षता समिती बंधनकारक केली आहे. बारामती आणि इंदापूर मिळून एकच महसूल उपविभाग आहे आणि त्याचे प्रांत कार्यालय बारामतीत आहे. या समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिच्यात सफाई कामगार समाजाचे प्रतिनिधी कोण आहेत, इतिवृत्तात काय लिहिले आहे, हे माहिती अधिकारात मागवा. गावात घाण तुंबून लोकांच्या आरोग्याला धोका झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. रतलामचा खटला याच जुन्या कलमातून, तेव्हाच्या १३३ मधून, उभा राहिला होता. ग्रामसभेत उठून सरळ विचारा, आपल्या गावची सार्वजनिक शौचालयाची टाकी कोण उपसतो आणि कशाने? आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. लाखो वारकऱ्यांसाठी फिरती शौचालये येतात. पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेले कोण साफ करतो, त्याच्या हातात मोजे आहेत काय, हेही त्याच ग्रामसभेत विचारा. वारकऱ्यांची सेवा पुण्याची आणि मागची सफाई मात्र आमच्या पोरांची, ही वाटणी आता बंद झाली पाहिजे.

आणि संस्थांना आमची एक सूचना आहे, भांडणाच्या नव्हे तर शहाणपणाच्या भाषेत. एकट्या ग्रामपंचायतीला सक्शन गाडी परवडत नसेल, तर दोन्ही नगर परिषदा, पंचायत समित्या आणि मोठी गावे मिळून गाड्या घेऊ शकतात. ठरलेल्या दराने त्या गावोगाव फिरवता येतील. चार मृत्यूंची भरपाई धरली, तर हा खर्च महाग म्हणता येणार नाही. बारामतीच्या विकासाचे गोडवे देशभर गायले जातात. त्या विकासात तुंबलेले चेंबर यंत्राने मोकळे करण्याइतकी ऐपत नाही, असे कुणी म्हणू नये.

डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. काही वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर निवडून आलेले लोक पुन्हा सभागृहात बसले आहेत. त्यांत आपल्या वस्त्यांतून, राखीव जागांवरून निवडून गेलेलेही आहेत. त्यांच्याकडे आमची मागणी एकाच ओळीची आहे. सफाईच्या पुढच्या निविदेतून 'जबाबदार राहणार नाही' हे वाक्य खोडा, आणि तिथे असे लिहा: 'या कामासाठी कोणत्याही माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवले जाणार नाही, उतरवल्यास ठेकेदाराबरोबर नगर परिषदही जबाबदार राहील.' कायदा आजही हेच म्हणतो. ज्या सभासदाला हे वाक्य मांडायला भीती वाटते, त्याने आपल्या वस्तीतल्या त्या पोराला एकदा भेटावे. हजेरीसाठी सही करणाऱ्या त्या पोराचे मतही त्याच पेटीत पडले होते.